ब्रीडची यादी

डेक्लन कॉलेज सोडून चालला आहे हे मला कळलं तेव्हा मी आयर्लंडमधल्या आमच्या ल्यूकनच्या घरी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, बुटांच्या खिळ्यांमध्ये अडकलेला चिखल एका जुन्या चमच्याने उकरत होते. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, शेजारी वॉशिंग मशीन घरघरतंय, आणि टेबलाशी आजोबा. आईचे वडील. अमरावतीहून सहा महिन्यांसाठी आले होते आणि येताना बॅगेत कपड्यांपेक्षा जवसाची चटणी जास्त आणली होती. ती ते एका मोठ्या डब्यातून लहान बरण्यांमध्ये भरत होते. मला फोनवर मेसेज आला, मी तो वाचला आणि चमचा खाली ठेवला. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. आमचे कोच गेले, असं मी म्हटलं. आजोबांचा हात थांबला. "वारले?" मी म्हटलं नाही, गॉलवेला दुसरी नोकरी मिळाली. "मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि बरणीचं झाकण लावायला लागले. "बदली तं होतेच मानसाची."

माझ्या दृष्टीने मात्र ते ठीक नव्हतं. डेक्लन कॉलेजात गणित शिकवायचा आणि संध्याकाळी मुलींच्या फुटबॉल टीमचा कोच असायचा. हे फुटबॉल म्हणजे आयर्लंडचं स्वतःचं, हातांनी आणि पायांनी दोन्हीने खेळायचं. पहिल्या वर्षी मी मैदानावर गेले ती कुणाची तरी सोबत म्हणून. गोलच्या मागे उभी राहून बाहेर गेलेले चेंडू परत फेकत होते. तासाभराने डेक्लन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, तू अजून एकही चेंडू खाली पाडलेला नाहीस. ते बाबांमुळे होतं. आम्ही या देशात आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते, पुण्याच्या मराठी शाळेतून चौथी करून आलेली, आणि इथल्या मुलांचं इंग्रजी मला अर्धं कळत नसे. त्या सगळ्या वर्षात संध्याकाळी घरासमोरच्या हिरवळीवर बाबा टेनिसचा चेंडू उंच उडवायचे आणि मी झेलायचे, वारा असो की भुरभुर. झेलायला भाषा लागत नाही. डेक्लनने मला गोलात उभं केलं, ऋजुता हे नाव त्याला जमेना म्हणून रू केलं, आणि दोन वर्षं मी तिथेच राहिले. डेक्लनच्या टीममधून कधी कुणाला काढलं जात नसे. जी येईल तिला जर्सी. आम्ही बहुतेक सामने हरायचो.

खरी गोलकीपर होती नीव. ती माझ्याच वर्गातली, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर राहणारी, स्वतःची लहानशी लाल गाडी असलेली. जाता-येता ती मला घेऊन जायची. सामन्यात ती उभी राहायची आणि आम्ही फारच मागे पडलो की शेवटची दहा मिनिटं डेक्लन मला पाठवायचा. मला त्यात कमीपणा वाटत नसे. आता मागे वळून पाहताना वाटतं, वाटायला हवा होता. मी त्या दहा मिनिटांवर इतकी खूश होते की आणखी काही मागावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

नवी कोच ब्रीड. पन्नाशीची, आखूड पांढऱ्या केसांची बाई, एका शाळेत खेळ शिकवणारी. पहिल्याच दिवशी तिने आम्हा चौतीस जणींना क्लबच्या खोलीत बसवलं, चहाच्या मोठ्या पिंपाजवळ स्वतः उभी राहिली आणि सांगितलं की ती चोवीस जणी ठेवणार आहे. आवाज चढवला नाही, की दिलासाही दिला नाही. पुढच्या रविवारी निवडीचा सामना, बुधवारी यादी. मग ती म्हणाली की गोलकीपर ती एकच ठेवेल. वेळ पडली तर बचाव खेळणाऱ्यांपैकी कुणीतरी गोलात उभं राहील, पण खेळाडूची एक जागा बाकावर बसणाऱ्या दुसऱ्या गोलकीपरवर घालवणं तिला परवडत नाही. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, कारण तिला मी कोण हे माहीतच नव्हतं. नीवने टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर चापटी मारली. ती काय म्हणून मारली हे मी पुढे बरेच दिवस ठरवत बसले.

घरी हा विषय निघाला तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही. आमच्या घरात तिघांची तीन वेळापत्रकं होती. बाबा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या करायचे. आई रोज गाडीने मलिंगारच्या हॉस्पिटलात जायची, तिथल्या लॅबमध्ये ती होती. सगळे एकत्र जेवायचो ते रविवारी, आणि त्या वर्षी आजोबा असल्यामुळे रविवारी गोळाभात असायचा. भातात बेसनाचे वाफवलेले गोळे, वर लसणाची कडकडीत फोडणी. त्या फोडणीने धुराचा अलार्म वाजायचा आणि बाबा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायचे. त्या आवाजातच मी सांगितलं की बहुतेक मला टीममधून काढतील. बाबा खुर्चीवरूनच म्हणाले, बरं झालं, शेवटच्या वर्षात अभ्यासाला वेळ मिळेल. आईने एवढंच विचारलं की मग जर्सी परत द्यायची असते का. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि तीस वर्षं खो-खोचे पंच होते. जेवण झाल्यावर त्यांनी मला विचारलं, रविवारचा सामना त्यांना बघता येईल का.

रविवारी ते नीवच्या गाडीत मागे बसून आले. अंगात बाबांचा ओव्हरकोट, डोक्यावर माकडटोपी, त्यावर मफलर. नीव त्यांना मिस्टर आजोबा म्हणायची आणि त्यांना ते पसंत होतं. मैदान उघडं, झाड नाही की भिंत नाही, वारा एका बाजूने सरळ येणारा. आजोबांनी एका टोकाच्या गोलामागे, सामानाच्या लोखंडी पेटीच्या आडोशाला जागा शोधली आणि तिथे उभे राहिले. पूर्वार्धात त्या गोलात मी होते. मी बरी खेळले. चेंडू पकडण्यात कधीच अडचण नव्हती. अडचण होती ती लांब मारण्यात. प्रत्येक गुणानंतर गोलकीपरने चेंडू जमिनीवर ठेवून पुढे मारायचा असतो आणि माझा चेंडू मैदानाच्या मध्यापर्यंत पोचायचा नाही. ब्रीड कडेला वही घेऊन उभी होती. माझा प्रत्येक चेंडू आखूड पडला की ती काहीतरी लिहायची.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आजोबा आडोसा सोडायला तयार नव्हते, त्यामुळे आता ते नीवच्या मागे होते आणि मी लांब दुसऱ्या टोकाला. एक उंच चेंडू नीवच्या गोलासमोर आला. ती पुढे धावली, समोरून दुसरी मुलगी उडी मारून आली, आणि मला लांबून फक्त दोघी-तिघींचा ढीग दिसला. नीव पटकन उठली. ब्रीडने ओरडून विचारलं, नीवने अंगठा वर केला आणि खेळ सुरू झाला. ती पुढे उत्तम खेळली. तिचे लांब चेंडू माझ्या डोक्याच्या दिशेने यायचे.

परत येताना ती गाडी चालवत होती. तिने विचारलं, मंगळवारी ट्रेनिंग किती वाजता. मी म्हटलं सहा वाजता. थोड्या वेळाने, गोल चौकात थांबलेलो असताना, तिने तेच परत विचारलं, अगदी त्याच शब्दांत. मग आमच्या वसाहतीचं वळण, जे तिने शेकडो वेळा घेतलं होतं, ते सोडून ती सरळ पुढे गेली आणि ॲडम्सटाउनच्या स्टेशनासमोर जाऊन थांबली. उन्हाने दिसलं नाही, असं म्हणाली. ऊन आमच्या पाठीमागून येत होतं. घराशी उतरताना तिने माझ्या बाहीला धरलं.

"रू, ब्रीडला काही बोलू नकोस. मी ग्रँड आहे."

या देशात ग्रँड या शब्दाचा अर्थ उत्तमपासून माझ्या वाटेला जाऊ नका इथपर्यंत काहीही होतो. मी बरं म्हटलं. आजोबा मागच्या सीटवरून उतरले, दार हळू लावलं आणि गाडी वळेपर्यंत तिच्याकडे बघत उभे राहिले. आत आल्यावर टोपी काढता काढता म्हणाले, "गुडघा लागला तिले. कानाच्या वर. मंग खांब धरून उभी होती ती पोरगी, आन् डोये भलतीकडेच होते." मी म्हटलं, ती म्हणते बरी आहे. त्यांनी मान हलवली, आणि आम्ही जेवायला बसलो.

त्यानंतरच्या दोन दिवसांबद्दल मला खरं लिहायचं आहे, कारण हे प्रकरण लिहायला घेतलं तेच त्यासाठी. मी गप्प राहिले त्याला कारणं होती. ती मैत्रीण होती आणि मी शब्द दिला होता, हे एक. मी सांगितलं तर सगळ्या म्हणतील की जागेसाठी सांगितलं, हे दुसरं. ही दोन मी तेव्हा स्वतःला सारखी ऐकवत होते. तिसरं ऐकवत नव्हते. ते असं की कधीतरी हे आपोआप बाहेर येईल, ती स्वतःच बसून जाईल, आणि मला काहीही न करता जागा मिळेल. दोन दिवस मी याची वाट बघत होते. आता मी स्वतः एका कारखान्यात पंचवीस माणसांच्या पाळ्या लावते. कुणी बरा आहे म्हणाला तरी मी त्याला दुसऱ्यांदा विचारते, आणि ही सवय लागली कुठून हे तिथे कुणाला माहीत नाही.

सोमवारी संध्याकाळी आई कणीक मळत होती. मी प्रेसमधून ताटं काढता काढता विचारलं (भांड्यांच्या कपाटाला आमच्या घरात सगळेच आता प्रेस म्हणायचे, आजोबा सोडून), की डोक्याला मार लागलेला माणूस तेच तेच विचारत असेल तर त्याचा अर्थ काय. आई म्हणाली, कोण? मी म्हटलं, कुणी नाही, वर्गात विषय निघाला होता. आईने हातावरची कणीक सोडवत सांगितलं की अशा माणसाला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं, गाडी चालवू देऊ नये, आणि पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा लागला तर जिवावर बेतू शकतं. एवढं सांगून तिने पोळपाट मागितला. मी वर जाऊन नीवला मेसेज केला, डॉक्टरकडे जा. तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

मंगळवारी दुपारी मी बॅग भरत होते. आजोबा दारात येऊन उभे राहिले. सांगितलं का, असं त्यांनी विचारलं. मी विचारलं, काय? ते दारातून हलले नाहीत. मग मी त्यांना सगळं सांगितलं, शब्द दिल्याचं, यादी उद्या लागणार असल्याचं, मुली काय म्हणतील त्याचं.

"म्हनतीनच," ते म्हणाले. "काहून नाही म्हनतीन? तुले जागा पाह्यजेच ना?"

मी हो म्हटलं. घरात पहिल्यांदा कुणाला तरी मी ते सांगत होते.

"मंग म्हनू दे. मले इंग्रजी येत असती तं मी आयतवारीच त्या बाईकडे गेलो असतो. मले येत नाही. तुले येते."

नीव न्यायला यायच्या आत मी बस पकडली. तिला मेसेज केला की मी पुढे जाते आहे, तू गाडी चालवू नकोस. मैदानावर ब्रीड एकटीच होती, गाडीच्या डिकीतून मैदानावर खुणेला ठेवायचे प्लॅस्टिकचे कोन आणि चेंडूंच्या जाळ्या बाहेर काढत होती. मी तिला रविवारचं सांगितलं. दोनदा विचारलेला प्रश्न, चुकलेलं वळण, खांब. आजोबांनी पाहिलं हेही सांगितलं.  माझं संपल्यावर ब्रीड म्हणाली, "हे रविवारी का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, मला जागा हवी होती म्हणून. खरं तर ते धड उत्तर होत नव्हतं, पण तोंडातून तेच आलं. मग मी म्हटलं की यादीत माझं नाव घालू नका.

"यादी मी करते," ब्रीड म्हणाली. "तू नाही. ती जाळी उचल."

नीव आलीच, गाडी चालवत. ब्रीड तिला कडेला घेऊन गेली. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण नीवने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं ते मला दिसलं. मग ब्रीडने हात पुढे केला, नीवने गाडीची किल्ली तिच्या हातात दिली, आणि आम्हाला मैदानाभोवती धावायला सांगून ब्रीड तिला स्वतःच्या गाडीने डॉक्टरकडे घेऊन गेली. पहिला फेरा पूर्ण व्हायच्या आत सगळ्यांना कळलं होतं. एक मुलगी धावता धावता माझ्या शेजारी आली आणि म्हणाली, छान जमवलंस. मी धावत राहिले. त्या दिवसापासून कपडे बदलायच्या खोलीत माझ्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या मोकळ्या राहू लागल्या.

डॉक्टरांनी नीवला आधी काही आठवडे, मग डोकेदुखी थांबेना तेव्हा पूर्ण मोसम खेळायला मनाई केली. बुधवारी यादी लागली. गोलकीपरचं नाव आधी लिहितात, त्यामुळे सगळ्यात वर मी होते. एक नंबर. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी फोन काढला आणि पहिल्या सामन्याच्या दिवसाची पाळी कुणाशी तरी बदलून घेतली. अभ्यासाचं नाव त्यांनी परत काढलं नाही. त्या सामन्याला ते आणि आजोबा दोघे गोलामागे होते आणि त्यांच्या मराठी सूचना माझ्या कानावर आदळत होत्या, एक पुण्याच्या, एक वऱ्हाडी, दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. आम्ही जिंकलो. हिवाळ्यात पाच सामने झाले, तीन जिंकलो. प्रत्येक ट्रेनिंगनंतर ब्रीड मला थांबवून घ्यायची आणि तीस चेंडू लांब मारायला लावायची. कौतुक नाही, गप्पा नाहीत. तिसावा मारला की म्हणायची, जा आता.

नीव माझ्याशी बोलत नव्हती. वर्गात ती दोन ओळी पुढे बसायची. दिवे सहन होत नसत म्हणून काळा चष्मा लावून यायची, आणि तो चष्मा दिसला की मला वाटायचं की मी दोन दिवस आधी सांगितलं असतं तर कदाचित हे एवढं लांबलं नसतं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. कुणीच म्हणालं नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका सामन्यात वारा इतका होता की माझा प्रत्येक चेंडू हवेत अडकून कडेला जात होता. मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. "उजवीकडे मार," नीवचा आवाज आला, "आणि खालून. वर गेला की गेला." मी वळून पाहिलं नाही. उजवीकडे, खालून मारला. सामना संपेपर्यंत ती तिथेच होती आणि वीसेक मिनिटांत तिने मला, मारामारी वाटावी इतक्या रागाने, सांगून सांगून खेळवलं. नंतर क्लबच्या खोलीत तिने माझ्यासमोर अंड्याच्या सँडविचची बशी सरकवली आणि म्हणाली, "मला अजून राग आहे. पण ते डॉक्टर म्हणाले की त्या मंगळवारी परत लागलं असतं तर वाईट झालं असतं." मी म्हटलं, मी रविवारीच सांगायला हवं होतं. ती म्हणाली, हो. आम्ही सँडविच खाल्ली.

त्या मोसमातला शेवटचा सामना आम्ही हरलो, शेवटच्या मिनिटाला, चेंडू माझ्या दोन हातांमधून निघून गेला. मी आयुष्यात पाडलेला तो पहिला झेल नव्हता, पण लोकांच्या लक्षात राहिलेला तोच. सामान आवरताना मी ब्रीडला विचारलं, निवडीच्या रविवारी तिने मनात यादी केली होती का, आणि तिच्यात मी होते का.

"नव्हतीस," ती म्हणाली. "तुझे चेंडू पोचत नव्हते." मग जाळीची गाठ मारून म्हणाली, "आता पोचतात."

आजोबा त्याआधीच परत गेले होते. मी फोनवर त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बाई सरळ हाय.

माझं कॉलेज त्या उन्हाळ्यात संपलं असतं, पण मी पुढच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. कारण नोकरीचं सांगितलं. बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं, एवढंच. नीवने तिथेच प्रवेश घेतला होता. तिला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. सप्टेंबरात पुन्हा निवडीचा सामना झाला, पुन्हा वारा, पुन्हा ब्रीडची वही. नीव आणि मी एकाच गाडीतून गेलो. ती माझ्यापेक्षा चांगली खेळली, हे मला खेळतानाच कळत होतं. वर्षभर बसून राहिल्यानंतरही तिचे हात जागच्या जागी होते. माझे चेंडू मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मध्यरेषेच्या बरेच पुढे पडले.  गोलकीपर एकच, हे दोघींना माहीत होतं.

बुधवारी मी एकटी यादी बघायला गेले. सगळ्यात वर नीवचं नाव. मी कागदाला बोट न लावता खाली खाली वाचत गेले. पंधरा नावं झाली. पहिल्या संघाची ती पंधरा. त्याखाली, राखीव खेळाडूंमध्ये सगळ्यात पहिलं, माझं. सोळा नंबर. तो दुसऱ्या गोलकीपरचा नंबर असतो, आणि ब्रीडच्या टीममध्ये तोवर तो नव्हताच.  मागून येणाऱ्या मुलींना जागा करून दिली. एकीने विचारलं, आहेस का? मी म्हटलं, आहे.

संध्याकाळी आई मलिंगारहून आली. कोट काढता काढता तिने विचारलं, यादी लागली का. मी म्हटलं लागली, सोळा नंबर. तिने मनाशी थोडा हिशेब केला आणि जरा खट्टू होऊन म्हणाली, म्हणजे तुझ्या वर पंधरा जणी?

मी म्हटलं, "नाही गं. एकच."